आयडलिंगला बंद पडणारी मोटर

ही हकिगत लिहायची मी अनेक वर्षं टाळली. बोटींच्या मोटरींचा मेकॅनिक म्हणून पुण्यात माझं नाव झालं ते याच कामामुळे. पण लोक ती सांगतात तेव्हा तिच्यातला एक माणूस गाळला जातो. तो मीच गाळला होता.

"अहो, तुम्ही दुरुस्त केलेली मोटर परत धरणाच्या मध्यात बंद पडली," देवधर माझ्या वारज्याच्या वर्कशॉपमध्ये येऊन म्हणाले. "बोटीत आयटी कंपनीचे पाहुणे. एका बाईंनी अथर्वशीर्ष म्हणायला घेतलं."

देवधर कोथरूडचे. आयटीवाल्यांच्या शनिवार-रविवारच्या सहलींसाठी त्यांनी पानशेतच्या बॅकवॉटरला बोटिंग सुरू केलं होतं. त्यांच्या बोटींना आउटबोर्ड मोटर होती, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीला अडकवलेलं सुटं इंजिन. पेट्रोलची टाकी वेगळी असते. ती बोटीत ठेवतात आणि रबरी नळीने इंजिनाला जोडतात.

लक्षण सोपं होतं. वेगात मोटर छान चालायची. धक्क्याजवळ येताना किंवा मध्यात कुठेही वेग कमी केला की आयडलिंगला, म्हणजे इंजिन नुसतं संथ फिरत असताना, धापा टाकून बंद. अशा वेळी पहिला संशय कार्बोरेटरवर. त्यात आयडलिंगसाठी केसाएवढ्या भोकाचा एक जेट असतो आणि तो कचऱ्याने बुजतो. मी मोटर वर्कशॉपला आणवली, जेट साफ केला, पाण्याच्या पिंपात मोटर लावून चालवली. तासभर घड्याळासारखी चालली. धरणावर गेली आणि पुन्हा तेच. पुन्हा आणली, पुन्हा साफ केली. पिंपात उत्तम, धरणावर बंद.

"मग दोष कुठे आहे?" देवधरांनी विचारलं. "तुमच्या कामात की माझ्या माणसात?"

माझ्या कामात दोष आहे असं तोवर मला कुणी म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, "पेट्रोलमध्ये रॉकेल असलं की असंच होतं."

"म्हणजे भिकोबा टाकीतलं पेट्रोल विकतो आणि रॉकेल भरतो."

"मी कुणाचं नाव घेतलं नाही."

"घ्यायचं काय राहिलं?"

भिकोबा बोट चालवायचे, टाकीत पेट्रोलही तेच भरायचे. धरणाकाठच्या गावचे, माझ्याहून वयाने मोठे, सगळे त्यांना तात्या म्हणत. टाकीतलं पेट्रोल मी बाटलीत काढून पाहिलं नव्हतं, वासही घेतला नव्हता. देवधरांनी तात्यांना कामावरून काढलं. जाताना तात्या धक्क्यावर माझ्यापाशी आले.

"साहेब, तुमी तरी मालकास्नी सांगा. गावात त्वांड दाखवायचं हाय मला."

"बघतो," मी म्हणालो, आणि प्लग आवळत बसलो.

नव्या माणसाच्या हाती मोटर तशीच बंद पडली. तेव्हा मात्र मी स्वतः बोटीत बसलो. मध्यात गेल्यावर वेग कमी करायला लावला. मोटर बंद पडली. पेट्रोल संपलं की काय म्हणून नव्या माणसाने टाकीचं झाकण फिरवलं. फस्स करून हवा आत गेली. दोरी ओढली, मोटर चालू.

मी झाकण हातात घेतलं. पेट्रोल बाहेर जाईल तशी हवा आत यावी म्हणून झाकणाला बारीक भोक असतं. त्यात लाल रंग बसला होता. खंडेनवमीच्या पूजेला सगळं नवं दिसावं म्हणून देवधरांनी टाक्या रंगवून मागितल्या होत्या. त्या आमच्याच वर्कशॉपने रंगवल्या, झाकण न काढता. हवा आत येईना, त्यामुळे टाकीतून पेट्रोल ओढणं जड जाई. वेगात मोटरीच्या पंपाची ओढ जोरदार असते, तेव्हा निभायचं. आयडलिंगला ती कमी पडायची. आणि मी प्रत्येक वेळी नुसती मोटर आणवून माझ्या टाकीवर चालवून बघत होतो.

टाचणीने भोक मोकळं केलं. ती मोटर नंतर कित्येक वर्षं चालली, आयडलिंगला इतकी शांत की पाण्याचा आवाज ऐकू यावा. मला तिचा अभिमान आहे, आजही. पुढे लांबलांबच्या धरणांवरून मोटरी माझ्याकडे आल्या. टाकीशिवाय मोटर घ्यायची नाही, हा नियम मी हाताखालच्या प्रत्येकाला शिकवला.

"काय होतं हो?" देवधरांनी तेव्हा विचारलं.

"पेट्रोल पोचत नव्हतं. आता पोचतंय."

यात खोटं काही नव्हतं. म्हणून तर ते खपलं. तात्यांना परत कुणी बोलावलं नाही.

बऱ्याच वर्षांनी ते मला स्वारगेटला भेटले, अंगात वॉचमनचा गणवेश. माफीचं वाक्य मी कधीचं जुळवून ठेवलं होतं. पण त्यांनीच माझा हात धरला आणि सोबतच्या जावयाला सांगितलं, "ह्ये आपले इंजिनवाले सायेब. असा हात जिल्ह्यात न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "सायेब, त्या मोटरीला शेवटी झालं काय हुतं?"

त्यांची बस फलाटाला लागत होती.

"जुनी झाली होती, तात्या," मी म्हणालो.

त्यांना ते पटलं.