न जेवणाऱ्यांच्या डॉक्टरीणबाई

आमच्या डॉक्टरीणबाई रोग्याची नाडी सगळ्यात शेवटी बघत. आधी सोबत आलेल्या माणसांना ओसरीवर घालवत आणि दार लावून घेत. "आधी घर बाहेर, मग जीभ बाहेर," असं म्हणत. तीस सालच्या आगेमागे सोलापुरातल्या बायकांच्या दवाखान्यात मी त्यांच्या हाताखाली नर्स होते.

न जेवणारं कुणी आलं की बाई विचारत, "भूक मेलीय, की मारलीय?" धाकटं भावंड झाल्यापासून अन्न टाकलेल्या एका पोरीला त्यांनी औषधच दिलं नाही. आईनं रोज तिला एकटीला घेऊन जेवायला बसायचं, एवढंच सांगितलं. एका तेलुगू विणकराच्या म्हाताऱ्या आईला घरचे 'नाटकं करते' म्हणत. बाईंनी तिचं पोट चाचपलं. आत गाठ होती.

गौरव्वा आली ती मोहोळकडून. दुकानदाराची, सोळा-सतरा वर्षांची मुलगी. सोमवारच्या उपासापासून सुरुवात झाली, मग अन्नच सुटलं. गावानं तिला देवी ठरवलं, बायका ओटी भरायला येऊ लागल्या. एकदा ती चक्कर येऊन पडली तेव्हा कुठं आई घाबरली. मी तिचं पोलकं उतरवलं. पाठीचे मणके कातडीतून वर आले होते, दंडांवर बारीक लव उगवली होती. आणि ती म्हणत होती, "मला कायबी झालं न्हाय."

दार लावल्यावर बऱ्याच वेळानं ती पुटपुटली, "जेवले तर माज्याकडं कोण बगनार?"

"मी बघीन की," बाई म्हणाल्या. "जेवलीस तरी, न जेवलीस तरी."

दवाखान्यात ठेवून घेतल्यावर वाटी-वाटी पातळ पेजेवर ती सावरू लागली. बाईंनी आईला बजावलं होतं, "दुष्काळात मी लहान होते. उपाशी माणसं एकदम पोटभर जेवून मेलेली पाहिलीत. हिनं मागितलं तरी पेजेशिवाय काही देऊ नका."

आणि एके दिवशी तिनं खरंच मागितलं. आम्ही बाळंतिणीच्या खोलीत अडकलो होतो. आईनं आनंदानं सोलापुरातल्या बहिणीकडून पुरणपोळ्या आणल्या, दूध-तुपात कुस्करून पोट भरेपर्यंत भरवल्या. संध्याकाळी गौरव्वाला धाप लागली, पाय सुजले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

पुरणपोळीनं माणूस मरतं, हे माझ्या डोक्यात शिरेना. 

"तिनं मागितलं ओ! मी आई हाय, न्हाय कसं म्हनू?" आई ओरडत होती. बाई आता हिला फाडून खातील, असं मला वाटलं. बाई तिच्याजवळ फरशीवर बसल्या. म्हणाल्या, "कुणालाच म्हणवलं नसतं."

पुढे कळलं, आईनं अन्न सोडलंय. बाई मला घेऊन रविवारी मोहोळची गाडी पकडू लागल्या. गाव त्यांना देवी मारणारी म्हणत होतं. गौरव्वाच्या घराचं दार उघडत नसे. बाई परतीच्या गाडीपर्यंत ओट्यावर बसून राहत. बाई आठवल्या की मला तो तापलेला ओटाच आठवतो.

एका रविवारी आतून कडी वाजली. दारात उभी राहून आईनं विचारलं, "तुमी जेवलासा का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडेच जेवणार."

तिनं चूल पेटवली. बाईंची भाकरी संपेपर्यंत ती समोर नुसती बसून होती. मग परातीत आणखी थोडं पीठ घेतलं, आणि एक भाकरी स्वतःसाठी थापली.