दोन वितींचं मांडूळ

घरात साप पाळला होता असं सांगितलं की लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात. पाळू नये, कायद्याला चालत नाही, हे आता मलाही ठाऊक आहे. तेव्हा आमच्या वाडीत ते कोणी सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं असतं तरी मी कुठली ऐकायला बसलेय, त्या वर्षी मला फक्त यांच्या उजव्या हाताचं पडलं होतं.

आमचे हे जाळी विणायचे. वाडीतली फाटकी जाळी आमच्याच खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात यायची, आणि अगदीच कामातून गेली की मी ती परसातल्या तांबड्या भाजीभोवती कोंबड्यांसाठी बांधायची. अशाच एका जाळ्यात एकदा धामण अडकली. नायलॉनचा धागा तिच्या अंगात रुतला होता. यांनी ब्लेडने एकेक गाठ कापून तिला सोडवलं, जखम भरेपर्यंत म्हणून मासळीच्या क्रेटमध्ये ठेवलं, आणि मग ती राहिलीच. पुढे तिला मोठी पेटी केली. दोन वर्षं राहिली. मला भीती वाटायची, पण घरात उंदीर उरला नव्हता, मग काय बोलणार.

मग यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली. पुरुषभर लांबीची धामण एका हाताला कशी आवरणार? एकदा तिने शेपटीचा असा फटका दिला की पेटीसकट खाली आली. धाकट्या दिराने तिला काजूच्या बागेत नेऊन सोडलं.

तालुक्याच्या डॉक्टरांनी बोटं हलवायला रबरी चेंडू दिला होता. हे तो उशीखाली सारायचे.

"चेंडवात जीव खंय आसा?" म्हणायचे.

आणि एक दिवस आपणच म्हणाले, "धामण माका आता झेपाची नाय. वायच ल्हान बघ गो. हातात मावात असा."

महिनाभरात यांनी मागितलेली ती पहिली वस्तू. मी लगेच दिराला कामाला लावलं.

त्याने आधी मळ्यातली दिवड आणली. विषारी नाही, पण इतकी तापट की पिशवी उघडायच्या आत त्यालाच चावली, वर घाण वास सोडला तो वेगळा. मग नानेटी आणली, करंगळीएवढी, अंगावर छान पट्टे. ती मला खरंच आवडली. पण क्रेटच्या भोकातून पहिल्याच दुपारी निघून गेली. आणि राहिली असती तरी तिला रोज बेडूक कोण धरून देणार? मी प्रत्येक सापाबद्दल दिराला विचारून घ्यायची, खातो काय, चावतो का, वाढणार किती. तो वैतागला.

"वयनी, तुका किरडू होया काय जावय?"

शेवटी माडाचं आळं खणताना त्याला मांडूळ मिळालं. दोन विती लांब, अंगठ्याहून जरा जाड, शेपूट बोथट, चावणं ठाऊकच नसल्यासारखं गप्प. मी म्हटलं, हेच. दर्यावर जाऊन पाटीभर मऊ वाळू आणली, चाळणीतून चाळली आणि पेटीत पसरली. मांडूळ लगेच तिच्यात शिरलं. मला वाटलं, चला, काहीतरी जमलं.

रोज सकाळी हे खळ्यात खुर्चीवर बसायचे. मी मांडूळ यांच्या उजव्या तळव्यावर ठेवायची. आधी पंच्यातून धरून, मग नुसत्या हाताने. आठवडाभरात ते करंगळीखाली तोंड खुपसून बसायला लागलं, आणि एका सकाळी करंगळी वर आली. मी नीट पाहिलं. परत वर आली. दुसऱ्या दिवशीही आली. मी कोणाला बोलले नाही, दृष्ट लागेल म्हणून. चौथ्या दिवशी मात्र राहवलं नाही. दीर विहिरीच्या कठड्यावर मोबाइलची रेंज शोधत उभा होता, त्याला ओढून आणलं.

त्याने वाकून बघितलं. मग मांडूळ उचलून घेतलं. करंगळी खाली पडली ती तशीच.

"वयनी, बोट हालणा नाय," तो हळू म्हणाला. "ता मांडूळ उचलता तेका."

मी यांच्याकडे बघितलं.

"माका ठावक होता," हे म्हणाले. "तू हसत होतंस, म्हणान गप रवलंय."

तरी मी मांडूळ रोज ठेवत राहिले. सवय म्हणा, हट्ट म्हणा.

पावसाळा लागला तशी पेटीतली वाळू ओली राहायला लागली. मी पेटी चुलीपाशी नेली, तरी ओलीच. दर्यावरची वाळू खारी, ओल सोडत नाही. आमच्या मागच्या भिंतीला तीच वापरली होती म्हणून दर पावसाळ्यात भिंतीला घाम येतो, आणि ती भिंत मी जन्मभर पुसत आलेय. पण पेटी भरताना ते डोक्यात आलं नाही. आमच्याकडे वाळू म्हटली की पाय आपसूक दर्याकडेच वळतात. मांडुळाच्या पोटाला फोड आले. वाळू गोड्या पाण्याने धुतली, हळद लावली. त्याने खाणं आधीच सोडलं होतं. गौरी-गणपतीच्या आधी गेलं.

दिराने विचारलं, "आणि एक बघूया?"

"नको," हे म्हणाले. डाव्या हाताने उजवा हात उचलून त्यांनी मांडीवर घेतला आणि वरून पंचा टाकला.

दुसऱ्या सकाळी मी उशीखालचा चेंडू काढला, पंचा बाजूला करून यांच्या तळव्यावर ठेवला आणि बोटं एकेक करून त्याच्यावर मिटली. माझा हात सुटला तशी ती उघडली. चेंडू खळ्यातून घरंगळत परसात गेला आणि भाजीच्या जाळ्याला जाऊन टेकला. हे तिकडेच बघत होते. मी पंचा परत हातावर घातला आणि चहा ठेवायला आत गेले.