वैद्यांचा कान

आमच्या साइटवर त्यांना सगळे वैद्य म्हणत, नाडी बघावी तसं काम करायचे म्हणून. उंच इमारतीत पोलादी तुळयांवर पत्रा अंथरतात, पत्र्यावरून तुळईला बोटभर उंचीचे खुंट वेल्ड करतात आणि वर काँक्रीट ओततात. खुंटांनी धरून ठेवलं तर पोलाद आणि काँक्रीट मिळून भार उचलतात. नाहीतर तू तिकडे, मी इकडे. खुंट लावणारी मी. वैद्य मागून यायचे, एकेकाला हातोडीचा टोला द्यायचे आणि कान देऊन ऐकायचे. खणखणीत वाजला तर पास. बद्द वाजला तर ठोकून वाकवायचे; जोड कच्चा असेल तर तिथेच तडकतो.

माणूस मुळातच घुम्या. बायको गेल्यापासून तर तोंडाला कुलूप. मुलगी लांब, ती फोनवर नुसते निरोप लिहून पाठवायची.

चोविसाव्या मजल्यावर माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी काँक्रीट यायचं होतं आणि हे महाशय माझे चांगले खुंट वाकवत सुटलेले. तडकला एकही नाही, तरी वाकवणं चालूच. म्हणजे संशय माझ्या कामावर! मी मागून तावातावाने हाका मारल्या. ढिम्म. समोर जाऊन उभी राहिले तेव्हा ते दचकले, आणि माझा राग तिथेच गळून पडला.

"वैद्य, तुम्हाला ऐकू येत नाही?"

सगळे टोले हल्ली सारखेच वाटतात, म्हणून वाकवून बघतो, असं ते जमिनीकडे बघत म्हणाले.

इंजिनिअरसाहेबांकडे ते आपणहून गेले, मी सोबत. साहेबांचा चेहरा उतरला. खालचे तेवीस मजले याच कानावर पास झालेले. वाकवायला लागलो एकविसाव्यापासून, वैद्य म्हणाले. पण त्याआधी किती दिवस कमी ऐकू येत होतं, साहेबांना ते हवं होतं.

"ते मला कसं कळणार, साहेब? घरी कुणी बोलतच नाही."

काँक्रीट थांबवलं. खालचे मजले जागोजागी फोडून तपासायचं ठरलं. वैद्यांनी हातोडी टेबलावर ठेवली आणि निघून गेले.

साहेब मग माझ्याकडे वळले. तुम्ही रोज वैद्यांच्या बरोबर असता, तुमचं बोलणं त्यांना कधीपासून नीट ऐकू येईनासं झालं, आठवून सांगा, म्हणाले. दोन वर्षं आम्ही दुपारचा डबा एकाच फळीवर बसून खाल्ला होता. मी खूप आठवलं. मी त्यांच्याशी शेवटचं कधी बोलले होते, तेच आठवेना.