बायने हुंगलेलं पान

बाय पान आधी हुंगायची, मग बघायची. शिरगावला माझ्या सासरी पानमळा होता. वेलीवर डाग दिसायच्या आत कूज कुठे लागली आहे, हे माझ्या या थोरल्या जावेला वासावरून कळे. लहानथोर सगळे तिला बायच म्हणत. ती चौथीपर्यंत शिकलेली, मी वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन त्या घरात आलेली. तिचं ते नाक मला पहिल्याच आठवड्यात खुपलं.

माझा भाऊ आसामात नोकरीला होता. सुट्टीवर येताना त्याने मला घटपर्णीचं झाड आणलं. पानांच्या टोकांना झाकणाच्या सुरया लोंबत, त्यात किडे पडून विरघळत. ते बघायला माणसं येत, मी समजावून सांगे, आणि बाय मागे उभी राहून ऐके. मला फार बरं वाटे.

मग पानांवर काळे, पाणीदार डाग पडले. मी शेणखत घातलं, विहिरीचं पाणी वाढवलं, डागही वाढले. पानवेलीचं मोरचूद-चुन्याचं औषध उचललं, तेव्हा बायने माझा हात धरला.

"वेलीचं हाय ते. याला सोसल का, माहीत नाय."

तिने दाढीचं पातं उकळत्या पाण्यात बुडवून एकेक कुजलं पान कापलं, दर पानागणिक पातं पुन्हा बुडवलं. कापलेली पानं चुलीत घातली. खताची माती काढून काथ्या आणि कोळशाचे तुकडे भरले आणि कुंडी वाऱ्याला, ओटीवर टांगली. "पावसाचं साठवलेलं पाणी दे, मुळाशीच. पान भिजवू नको."

महिन्याभरात नवं पान आलं. आता माणसं तिला विचारू लागली. "बायचा हात लागला म्हणून जगलं," माझे यजमान म्हणाले. मला जेवण गेलं नाही.

बाय दहा-बारा दिवस उमरोळीला माहेरी गेली. तेवढे दिवस मी कुंडी बंद न्हाणीघरात ठेवली आणि रोज पानांवर पाणी मारलं. ती यायच्या आदल्या दिवशी कुंडी परत ओटीवर टांगली. बायचा उपाय फसलेला सगळ्यांना दिसावा, एवढ्यासाठी भावाने आणलेलं झाड मी स्वतः कुजवलं.

ती परतली, तिने पान हुंगलं, माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांसमोर म्हणाली, "माझंच चुकलं. नीट सांगून गेले नाय." तिने वीतभर खोड ठेवून बाकी सारं कापलं. दिवाळीनंतर त्याला कोंब फुटला.

पुढे तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम निघालं. यजमानांना तिथे काम मिळालं आणि आम्ही बोईसरला बिऱ्हाड हलवायचं ठरवलं. निघताना बायने कुंडी माझ्या हातात दिली. मला राहवलं नाही.

"बाय, तेव्हा पानांवर पाणी मीच मारलं होतं."

"माहीत हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू झाडाजवळ परत गेली नसतीस. आन माझ्याजवळ पन नाय."

बायला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. कुजकं पान कापायला मीही शिकले, पुढे शाळेत शिक्षिका झाले तेव्हा मुलींनाही शिकवलं. पण तिच्या त्या गप्प बसण्याचा मला आजही हेवा वाटतो. ते मला एकदाही जमलं नाही.