वस्तरा खाली ठेवून

डोंगरकड्याच्या बाजारात ज्या चाचांकडे मी दाढी करतो, ते हळदीचा भाव, निवडणूक, जावई असं सगळं वस्तरा चालवत बोलतात. धर्माचा विषय निघाला की मात्र वस्तरा पुसून खाली ठेवतात.

परवा अर्धी दाढी झाल्यावर मला कुठून दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. "चाचा, 'सापडतील तिथं मारा' असं कुराणात खरंच हाय का?"

चाचांनी वस्तरा ठेवला. "हाय. पण ते लढाईतलं हाय भाऊ, करार मोडणाऱ्यांसाठी. ज्यांनी करार पाळला त्यांच्याशी तुमीबी पाळा, हे त्याच्या आधीच हाय. आन् लगेच पुढं हाय, त्यांच्यातल्या कोणी आसरा मागितला तर त्याला सुखरूप जागी पोचवा."

"पटलं," मी घाईनं म्हणालो. गालावरचा साबण वाळून चरचरत होता.

"समजून पटलं, का वस्तऱ्याला भिऊन?"

"समजून."

"मंग त्याच्याकडं काहून बघून राहिले?"

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. बाकावरची दोन गिऱ्हाइकं कंटाळून निघून गेली. चाचांना फिकीर नव्हती. शेवटी त्यांनी नवा साबण लावला, वस्तरा उचलला आणि तसेच थांबले. विचारलं मात्र काही नाही.

मी डोळे मिटले आणि मान वर केली.