लोगोवरचा दादाचा हात

आमच्या गावच्या फुटबॉल स्पर्धेला आजवर चार लोगो झाले आणि चारही मीच काढले. मी मूळचा होड्यांवर नावं रंगवणारा. नंतर कणकवलीला कॉम्प्युटर शिकलो आणि फ्लेक्सचं दुकान टाकलं. माझं डोकं लवकर फिरतं, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिला लोगो बर्फाच्या गोदामाच्या भिंतीवर कोळशाने काढला होता. मॅच समुद्रकाठच्या पुळणीवर, गोलाला माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, फाटक्या रापणीचं जाळं आणि गोलकीपरही दादाच. रापण म्हणजे तीस-चाळीस माणसांनी किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. तिच्या दोरात सापडून दादाच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक गेलं होतं. मी तोच हात काढला. बोटं फाकलेली, पंजात बॉल, बोटं मोजून साडेचार. त्या फायनलला पंचाला तुडवलं, एकाचं कपाळ फुटलं, दोघांचे दात पुळणीत शोधावे लागले. पण भिंतीवरचा हात बघून सगळे हसत घरी गेले. "दादाक भितीर चिकटयलंस मरे!" आई म्हणाली आणि स्वतःही हसत सुटली.

दुसऱ्या लोगोत हात तोच, फक्त रंग आले. निळं पाणी, पिवळा बॉल. तो जर्सीवर छापून आमचे खेळाडू शेजारच्या गावात गेले आणि मार देऊन, मार खाऊन आले. एकाने रक्ताने भरलेली जर्सी न धुता खिडकीत टांगली. लोगोवर डाग पडला म्हणून मी त्याच्याशी भांडलो.

तिसऱ्याने घात केला. मोठ्या यांत्रिक बोटींचा एक मालक म्हणाला, करंडक माझा, जर्सी माझ्या, फक्त लोगोत माझी बोट पाहिजे. त्याची जाळी आमची आठवड्याची मासळी एका फेरीत उचलायची. रापणवाले आणि त्याचे खलाशी समुद्रात दिसले की दगड चालायचे, दोर कापले जायचे. कमिटी गप्प बसली. मी हात काढून टाकला आणि तिथे बोट बसवली. खरं सांगतो, बोट सुरेख जमली होती. मला तिचा गर्व होता. दादाला मी विचारलं नाही.

फायनलच्या दुपारी दादा गेटवरच्या बॅनरखाली थांबला.

"माझो हात खंय रे?"

"दादा, लोगो बदलतत. सगळीकडे बदलतत."

 शहाळीवाल्याचा कोयता उचलून दादाने बॅनर वरपासून खालपर्यंत फाडला. खलाशी धावले, रापणवाले धावले. वल्ही, बाटल्या, दगड, हाताला येईल ते. कोणी कोणाचा कान चावला, एकाचं तोंड वाळूत दाबून तिघे त्याच्या पाठीवर नाचत होते. मला मात्र फक्त माझा फाटलेला बॅनर दिसत होता. मी कोपऱ्यावरच्या झेंड्याचा बांबू उपटला आणि दोन्ही हातांनी दादावर घातला. त्याने गोल अडवावा तसा उजवा हात वर केला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. दादाने माझ्याकडे बघितलं, आणि मग गर्दी आमच्यावर कोसळली.

सगळे धरून चालले की खलाशांनी मारलं. मी धरून चालू दिलं. पोलीस ठाण्यात शुद्ध मराठीत सांगितलं, "गर्दीत कोणी मारलं ते मी पाहिलं नाही." त्याच आठवड्यात आमच्या लोकांनी एका खलाशाला जेटीवर गाठलं आणि दादाच्या हाताचा बदला म्हणून त्याचा गुडघा वल्ह्याने फोडला. तो ओरडत होता, मी मारलं नाही, मी मारलं नाही. मी जेटीवरच होतो. दादाने कोणाला काही सांगितलं नाही. त्याचा हात पुन्हा उघडला नाही. रापण ओढणं सुटलं, आता तो डाव्या हाताने मासळी निवडतो.

तीन वर्षं स्पर्धा बंद राहिली. यंदा दोन्ही बाजू बसल्या, बोटवाला मालक बाजूला झाला आणि कमिटी म्हणाली, जुना हात परत आणा. मी कागद घेऊन दादाकडे गेलो.

"कसो काढू?"

त्याने हात टेबलावर ठेवला. "आसा तसो काढ."

मी आहे तसा काढला. त्या हातात बॉल मावेना, म्हणून बाजूला काढला. पोरांना लोगो फार आवडला. त्यांना वाटलं, ती मूठ आहे. जर्सी घालून छाती ठोकत फिरायला लागले.

फायनलला समालोचक माईक घेऊन दादाच्या खुर्चीशी आला. "ही मूठ कोणाची, सांगा बघू!" मैदान ओरडायला लागलं, मूठ, मूठ. दोरीपलीकडे तो गुडघा फुटलेला खलाशी काठी घेऊन बसला होता. दादाने त्याच वाकड्या हाताने माईक माझ्याकडे ढकलला.

"ह्येका विचार."

मी माईक घेतला. "ती मूठ नाय," मी म्हणालो. "माझ्या दादाचो हात आसा. खलाशांनी नाय, मीया मोडलो."

ओरडा थांबला. दोरीपलीकडे तो खलाशी काठी टेकून उठला आणि माझ्याकडे चालायला लागला. मी माईक खाली ठेवला आणि तिथेच उभा राहिलो.