पाठमोरा प्रेक्षक

समस्त कुस्तीशौकीन, सन्माननीय मतदार आणि तंबू टॉकीजचे मायबाप प्रेक्षक यांस कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आमच्या गावच्या प्रत्येक आखाड्याला, सभेला आणि संगीत नाटकाला ज्यांनी न चुकता पाठ दाखवली, ते जमादार आप्पा नुकतेच निवर्तले. यापुढे गावात जो कोणी पडेल, मग तो तांबड्या मातीत असो की निवडणुकीत, त्याने आपल्या पराभवाचे कारण आपल्याच घरात शोधावे. जमादारांच्या अंगावर ते ढकलण्याची सोय आता राहिलेली नाही.

आप्पा असते तर या मजकुरावर खूश झाले असते, म्हणून असा लिहिला. बातमी आली ती सकाळी. मी नुकतेच दुकान उघडून लुगड्यांच्या घड्या लावत होतो. आप्पांचा मुलगा महिपती अनवाणी पायरीपाशी येऊन उभा राहिला. एवढा आडदांड पैलवान, पण खांदे पडलेले. "शेट, आप्पा गेलं," म्हणाला. कसे, म्हणून विचारले, तर म्हणाला, "माझ्याकडनं भिंतीकडं वळलं… आन् तसंच ऱ्हायलं."

सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात आप्पांइतका शौकीन माणूस मी पाहिला नाही. कुठल्या गावच्या जत्रेत कोणाची जोड कोणाशी लागणार, म्युनिसिपालटीत कुठल्या वॉर्डात कोण फुटणार, सांगलीला आलेल्या नाटक कंपनीच्या नायकाचा गळा बसला आहे की नाही, सगळे त्यांना पाठ. पण स्वतः मात्र कधी बघायचे नाहीत. पहिल्या लढाईत ते पलटणीत जमादार म्हणून मेसोपोटेमियात होते. एका दुपारी चहा पिताना तंबूतल्या तीन सोबत्यांकडे त्यांनी डोळे भरून पाहिले आणि मनात म्हटले, काय सोन्यासारखी माणसं देवानं दिली… संध्याकाळच्या हजेरीला तिघेही नव्हते. गावी परतल्यावर थोरल्या भावाची कुस्ती बघायला गेले, 'शाब्बास' म्हणून ओरडले आणि त्याच क्षणी भावाचा हात खांद्यातून निखळला. झाले! ज्याच्यावर आपला जीव जडतो त्याच्याकडे आपण बघितले की तो जातो, असे आप्पांनी मनाशी ठरवून टाकले, आणि पुढची तीस वर्षे गावातल्या यच्चयावत रंगतदार गोष्टींकडे पाठ करून उभे राहिले.

मैदानाच्या कडेला एक चिंच आहे. तिच्या बुंध्याकडे तोंड करून आप्पा उभे राहायचे आणि शेजारी मैदानाकडे तोंड करून मी. मी बघायचे, सांगायचे, आणि त्यांनी ऐकायचे. आज लोक म्हणतात, शेट गोष्ट काय रंगवून सांगतात! अहो, मी शिकलोच त्या चिंचेखाली. "सलामी झाली… पट काढला… खाली गेला… निसटला बघा!" आणि प्रत्येक शब्दागणिक त्यांच्या पायाची टाच माती उकरत जायची. महिपती मैदानात असला म्हणजे तर वितभर खड्डा पडायचा. पोरगा बहुतेक जिंकायचा. कधी पडला तर आप्पांचे उत्तर तयार असे, "माझी मान जराशी वळली आसंल, शेट." एकदा पलीकडच्या गावची मंडळी "जमादाराला हिकडं फिरवा रं!" म्हणत धावून आली आणि त्यांनी आप्पांना उचलून मैदानाकडे वळवले. आप्पांनी डोळे असे गच्च मिटले की पापण्या थरथरत होत्या. लोक हसले. मीही हसलो.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते. एका जत्रेत मला हुक्की आली. महिपती वरचढ असताना मी ओरडलो, "गेला! पाठ लागली महिपतीची!" आप्पांनी दोन्ही हातांनी झाड धरले. नखांत साल रुतली होती, आणि चेहरा… मैदानाकडे बघणाऱ्या हजार माणसांपैकी तो चेहरा फक्त मला दिसत होता. मी घाईघाईने म्हणालो, "अहो, चेष्टा केली!" ते आठ दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. नवव्या दिवशी येऊन बसले आणि म्हणाले, "शेट, तुमची जीभ म्हंजी माझं डोळं हायती. डोळ्यांनी खोटं बोलायचं नसतंय."

मग दुसरी लढाई आली आणि महिपती पलटणीत गेला. ताकारी स्टेशनात गाडी सुटताना पोरगा दारातून हाक मारत होता, "आप्पा, आवं आप्पा!" आणि आप्पा फलाटावर मालडब्यांकडे तोंड करून उभे. गाडी दिसेनाशी झाल्यावर मला म्हणाले, "कसा दिसत हुता?" मी म्हटले, "रडत होता." त्यांनी मान हलवली. पोरग्याने वर्दीतला फोटो पाठवला, तो आप्पांनी न बघता खिळ्याला उलटा टांगला. घरात जाल तिकडे फोटोची पाठ. सोनाकाकू, म्हणजे त्यांच्या घरच्या, आप्पा शेतावर गेले की फोटो सुलटा करून डोळ्यांना पदर लावायच्या आणि ते यायच्या आत पुन्हा फिरवून ठेवायच्या. पोस्टमन गल्लीत वळला की आप्पा घोंगडे पांघरून परसात जाऊन बसत. लढाई संपली, महिपती धडधाकट परत आला. आता बोला! एवढा मोठा पुरावा हाती आल्यावर त्या माणसाला कोणी समजवायचे?

त्यानंतरच्या म्युनिसिपालटीच्या निवडणुकीत तर बहार झाली. आप्पांचे जिवलग तात्या वकील उभे होते. आप्पा दारोदार फिरून प्रचार करू लागले, पण विरुद्ध उमेदवाराचा. तो बिचारा इतका भारावला की त्याने भर सभेत आप्पांना हार घातला. तात्या संतापून माझ्या दुकानात आले. "हा माझा मित्र? ह्याच्या घरी मी भाकरी खाल्ली!" मी सांगितले, "तात्या, तुमच्यावर फार माया आहे हो त्यांची." मतदानाला आप्पा गेले आणि डोळे मिटून फुली मारून आले. मत अर्थातच बाद झाले असणार. तात्या निवडून आले आणि आप्पा माझ्या कानात म्हणाले, "बगितलंत?"

फक्त तंबू टॉकीजमध्ये मात्र ते तोंड वर करून, डोळे फाडून बघत. मी कारण विचारले, तर म्हणाले, "त्यात काय व्हायचं ते आदीच हून गेलंय की. माझ्या बगन्यानं आता काय बिगडतंय?"

शेवटची भेट त्यांच्या घरी झाली. छातीत कफ साठला होता, आवाज खोल गेला होता. मी त्यांना बरे वाटावे म्हणून पुढच्या निवडणुकीचा विषय काढला. आता म्हणे सगळ्यांनाच मत मिळणार. "लय बरं," म्हणाले, पण लक्ष नव्हते. नजर उलट्या फोटोच्या पुठ्ठ्यावर. मग हळूच म्हणाले, "शेट, येत्या जत्रंत म्हैपतीची जोड लागलीया. मी काय तवर न्हाई. माझ्या मागं त्यो जिंकला, तर गाव म्हनंल, म्हातारा गेला, पोराची पीडा गेली."

"आणि पडला तर?" मी सहज विचारले. माझी ही जीभ!

"पडला तर… मग मी एवढी वर्सं उगंच झाडाकडं बगत ऱ्हायलो, शेट."

मी उठून त्यांच्या अंगावरचे घोंगडे सारखे केले.

परवा जत्रा झाली. मी चिंचेखाली माझ्या जागी उभा राहिलो, शेजारची जागा मोकळी. टाचेने उकरलेला जुना खड्डा अजून तिथे होता. हलगी वाजायला लागली आणि मागून कोणीतरी म्हणालेच, "आता जमादार न्हाई, आता पोरगं मारतंय बगा!" आयुष्यात पहिल्यांदा मला आमच्या महिपतीने जिंकावे असे वाटत नव्हते, आणि पडावे असे तर त्याहून वाटत नव्हते. सवयीने मी पुटपुटत होतो, "सलामी झाली… पट काढला… खाली गेला…" ऐकणारा नव्हता तरी जीभ थांबेना. एकदा तर पाय आपोआप झाडाकडे वळू लागले, ते मी बळेच रोखले. डोळ्यांनी खोटे बोलायचे नसते, तसे डोळे मिटायचेही नसतात.

महिपती पडला. झटापट फार झाली नाही. समोरचा पोरगा तरणा होता, चपळ होता, त्याने ढाकेचा डाव टाकला आणि महिपतीची पाठ स्वच्छ मातीला लागली. ज्याच्या बघण्याने तो पडला म्हणावे, असा तिथे कोणी नव्हता. महिपती तसाच उताणा पडून राहिला, मग कोपरावर उठला, तोंडावरची माती पुसली, आणि चिंचेखालच्या मोकळ्या जागेकडे बघून, हजार माणसांदेखत, हसत की रडत ते मला सांगता येणार नाही, मोठ्यांदा ओरडला,

"आप्पा, बगायचं हुतं की वो! मी माझा मीच पडतोय!"